मोजणीची अधेली

सेलू, ता. ४ मार्च १९४१

ती. भुजंगदादास,

चतुराचा सलाम. वि. वि. मी खुशाल नाही आणि तसे खोटे लिहिणारही नाही.

काल बाजारात माणिकराव पाटील भेटले. पेडगावची खानेसुमारी तूच केलीस आणि आपल्या घरात चार माणसे लिहिलीस, असे म्हणाले. आई, तू, कस्तुरावहिनी आणि बाळ. मी महिनाभर तापाने तिथेच पडून होते, ती काय कोपऱ्यातली उतरंड म्हणून? इथे मिशनच्या शाळेत मोजायला आले, तेव्हा मास्तरीणबाई माहेरी आहेत म्हणून मला सोडले. म्हणजे मी कुठेच नाही. बाप्तिस्मा घेतला म्हणून बहीण मेली का रे?

रागावलास तरी ऐक. आमच्या शास्त्रात मोशेने इस्राएल लोक मोजले ते देवाच्या सांगण्यावरून. ज्याला मोजले त्याने आपल्या जिवाबद्दल अर्धा शेकेल, आपली अर्ध्या रुपयाची अधेली म्हण, देवाला द्यायचा, म्हणजे मोजल्याने मरी येणार नाही. श्रीमंताने जास्त नाही, गरिबाने कमी नाही. माणूस राजाचा नव्हे, देवाचा, एवढाच त्या नाण्याचा अर्थ. पुढे दावीद राजाने आपल्या तोऱ्यासाठी फौज मोजली आणि मरीने सत्तर हजार माणसे नेली. त्या मोजण्यांत बायका नव्हत्या, हे मुलींना शिकवताना मला दर वर्षी खुपते. निजाम सरकार निदान बायका मोजते, तर सख्खा भाऊ गाळतो!

आईला नमस्कार सांग. तुझ्याकडून लोभाची अपेक्षा नाही, उत्तराची आहे.

चतुरा

पेडगाव, ता. ७ मार्च १९४१

चि. चतुरेस अनेक आशीर्वाद,

वि. वि. तुझे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवले आणि वर तिच्या शिव्या खाल्ल्या. तुझे नाव मी लिहिले होते. आईने ओल्या बोटाने पुसले आणि घरात चारच माणसे आहेत म्हणून दटावले. हातात सरकारी लेखणी असून मी आईला भ्यालो, एवढीच माझी चूक. धर्माचा यात काडीचा संबंध नाही. मला वैरी ठरवण्याआधी एकदा विचारायचे होतेस. कागद पुढच्या शनिवारी तालुक्याला जातील, तोवर नाव घालता येईल. पुढचे आई सांगते तसे लिहितो.

तुझ्यावर चिडलेला, तरी तुझाच, भुजंग

चतुरे, तुज्या आईचा, तानुबाईचा आशीर्वाद. भुजंगाला बोलू नको, म्या पुसलं. वीस वर्सांमागं असाच मोजणीवाला आलता. तू मांडीवर व्हतीस. चार लेकरं म्या बोटावर मोजून दावली, लय तोऱ्यात. पंधरवड्यात गावात मरी आली. नामा आन् सखू एकाच दिशी गेली. तवापासून घरातलं एक माणूस म्या कुनालाच मोजू देत न्हाई. ज्याची धास्ती जास्त, त्येच गाळते. औंदा तू तापानं फणफणली व्हतीस. सांग, दुसऱ्या कुनाला गाळू?

आन् तू एवढी शिकलीस. मोजायच्या आदी जीव सोडवून घ्यायचा असतो, हे तुज्या मोशेला ठावं व्हतं, तर मला आजवर का न्हाई सांगितलंस? माझ्याच लेकीला ठावं, आन् म्या वीस वर्सं त्या बोटांकडं बगत बसले. तवा कुनी सांगितलं असतं, तर हातातलं चांदीचं इकून चार अधेल्या दिल्या असत्या.

माणिकरावाच्या हाती तीन अधेल्या धाडल्यात. एक तुजी. तुज्या देवापुढं ठिव आन् ठिवली म्हून दोन वळी लिव, मंग भुजंग तुजं नाव घालंल. दोन नामा-सखूच्या. लय उशीर झालाय, कळतंय मला. तरी ठिव.