कृष्णाकाठची वांगी, शारजाची थंडी

४ जानेवारी, सकाळी ६.२०
निर्णय झाला. पाडव्याला नाना शारजाला येताहेत, त्यांना घरच्या रोपांची भरली वांगी खाऊ घालणार. नाना म्हणजे सुमेधाचे वडील, सांगलीला शेतकी खात्यात होते, आता रिटायर्ड. कृष्णाकाठच्या वांग्याचं बी त्यांनीच पाठवलंय. लग्नाला चौदा वर्षं झाली, या माणसाने मला एकदाही 'छान' म्हटलेलं नाही. यंदा म्हणवून घेणार.

४ जानेवारी, दुपारी
व्हिडिओ पाहिला. कॅनडातले गृहस्थ, अत्यंत सायंटिफिक. बी भर हिवाळ्यात घरातच रुजवायचं. शेवटचा फ्रॉस्ट, म्हणजे दव गोठवणारी थंडी, होऊन गेल्याशिवाय रोप बाहेर काढायचं नाही. श्रिया म्हणाली, "बाबा, इट्स ट्वेंटी-फोर डिग्रीज आउटसाइड." अकरा वर्षांची आहे. शाळेत सायन्स नीट शिकवत नाहीत.

५ जानेवारी
सोळा बिया, सोळा कप. ट्रे बेडरूममध्ये. पडदे बंद. श्रियाचा स्टडी लॅम्प जप्त. ट्रेखाली सुमेधाची गरम पाण्याची पिशवी. तिची पाठ दुखते, पण महिनाभराचाच प्रश्न आहे.

९ जानेवारी
५.१० काही नाही. ५.४० काही नाही. ६.०५ काही नाही. एक कप उकरून पाहिला. बी जागेवर आहे. परत पुरलं.

१३ जानेवारी
उगवली! सोळापैकी अकरा. ऑफिसात 'फॅमिली मॅटर' सांगून उशिरा गेलो. जुना फोन ट्रेसमोर लावून ठेवलाय, ऑफिसातून बघता येतं. मीटिंगमध्ये फक्त दोनदा बघितलं. (सातदा.)

१९ जानेवारी
खालच्या मजल्यावरच्या फिरदोसभाभी लिफ्टमध्ये भेटल्या. हैदराबादच्या आहेत. त्यांची वांगी उघड्या बाल्कनीत! मला म्हणाल्या, "भाईसाब, पौधे बाहर रखो ना, यही तो मौसम है." मी हसून मान हलवली. थंडीचं शास्त्र सगळ्यांना कळतंच असं नाही.

२ फेब्रुवारी
प्रगती जबरदस्त. रोपं वीतभर उंच, पानं मात्र दोन-दोनच. सुमेधाला ती 'मरतुकडी' वाटतात. तिला म्हटलं, आधी उंची, मग अंग. प्रत्येकाला टूथपिकचा आधार दिला.

८ फेब्रुवारी
चार रोपांनी माना टाकल्या. सुमेधा म्हणते पाणी जास्त झालं. दिवसातून तीनदाच घालतो. माझ्या मते कमजोर होती, गेली ते बरंच झालं. उरलेली सात म्हणजे क्रीम.

१५ फेब्रुवारी
फिरदोसभाभींनी पिशवीभर वांगी पाठवली. काटेरी, चकचकीत. तत्त्व म्हणून परत केली. सुमेधा दोन तास बोलली नाही. मग बोलली. मी अर्धवट सोडलेलं गिटार, सायकल, अरबीचा क्लास, सगळं निघालं. बेडरूमचा पडदा कधी उघडणार, हेही.

१ मार्च
पाच उरली. नानांचा फोन. वांगी कशी आहेत, विचारलं. मी म्हटलं, फुलावर आहेत. का म्हटलं कोण जाणे. ते म्हणाले, लवकर धरली. मी म्हटलं, तुमच्या बियांचं रक्तच चांगलं.

१० मार्च, दुपारी २
फ्रॉस्टचा धोका संपला असं जाहीर केलं. वॉचमन फहदने पाच मोठ्या कुंड्या बाल्कनीत आणून दिल्या. "यल्ला सर, बट टू मच सन," म्हणाला. सूर्य हवाच, त्यासाठीच तर बाहेर काढलीत.

१० मार्च, संध्याकाळी ५
रोपं विश्रांती घेताहेत. आडवी.

११ मार्च
अजून आडवी. श्रिया वाकून बघून म्हणाली, "दे आर डेड, बाबा." खलास.
कॅनडाच्या गृहस्थांना कमेंटमध्ये खडसावलं. त्यांनी विचारलं, तुम्ही राहता कुठे? कमेंट डिलीट केली.

२९ मार्च, पहाटे
नाना काल आले. रोपं बघू म्हणाले. मी सांगितलं, शेवटचा तोडा झाला आणि उपटली. आता दुबईतल्या रास अल खोरच्या होलसेल भाजी मार्केटला निघालोय. देठवाली, काटेरी, जरा वेडीवाकडी वांगी बघून आणायची. एखादी किडकीही. घरची वाटली पाहिजेत. भीती वाटतेय. बेचाळीस वर्षांचा माणूस मी, नानांच्या जावयाला शोभेल असं काहीतरी एकदा करून दाखवायचं होतं.

३० मार्च, पाडवा
नानांनी भरल्या वांग्याचा पहिला घास घेतला. थांबले. दुसऱ्यांदा वाढून घेतली. तिसऱ्यांदा स्वतःच्या हाताने. आणि म्हणाले, "छान." सगळ्यांसमोर! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुमेधा ताटात बघत होती.
जेवण झाल्यावर ते हात धुवायला गेले, मी टॉवेल घेऊन मागे. हात पुसत, आतल्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं,
"जावईबापू, मार्केट कुठलं?"
सांगितलं.