आवाज: काकू

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

आज सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, आनंद नगरच्या पोह्यांच्या दुकानात, माझा आवाज चोरीला गेल्याचं मला कळलं. हातात प्लेट, जिलबीचा पहिला तुकडा तोंडात, आणि दुकानदाराच्या स्पीकरमधून मीच बोलले — "आवाज खाली, शब्द वर! एक अक्षर कळत नाही!" मागे ढोलकी की काय ते. पुन्हा मीच. शेजारच्या बाकावरच्या दोन कॉलेजच्या मुली माझ्याबरोबर ओठ हलवत होत्या, पोहे खाता खाता.

दुकानदार म्हणाला, "अरे आंटी, ये तो बिल्कुल आपके जैसी बोल रही है."

"मेरे जैसी नहीं भैया, मैं ही हूँ."

तो हसला. मुलीही हसल्या. म्हाताऱ्या बाईने विनोद केला असं वाटलं असणार. जिलबी अर्धी टाकून आले. असं मी कधी करत नाही.

चोर कोण ते वेगळं शोधायला नको. वरच्या मजल्यावरचा पराग. वय चव्वेचाळीस, दाढी पांढरी, आणि अजून रॅप करतो. 'पाना' या नावाने. वडील कारखान्यात फिटर होते म्हणून पाना! पावसाळ्यापासून दुपारभर वर धडाड् धडाड् चालू असतं. माझी बोटं आखडतात, टाइप होत नाही, म्हणून मी त्याला तक्रारी फोनमध्ये बोलून पाठवत होते. रोज एक. त्या त्याने जपून ठेवल्या.

दुपारी

वर जाऊन आले. दार मंगलाने उघडलं — त्याची आई. माझा चेहरा बघून न विचारताच म्हणाली, "ताई, मी त्याला सांगितलं होतं, आधी विचार म्हणून."

पराग आतल्या खोलीत. चारी भिंतींना गाद्या उभ्या केलेल्या. घरात झोपतात कशावर कोण जाणे.

"काकू, मी तुम्हाला विचारणारच होतो."

"केव्हा? माझ्या तेराव्याला?"

मान खाली घातली त्याने. मग सगळं सांगितलं. गाणी काढणाऱ्या दोन कंपन्यांनी त्याला आधीच सोडलेलं. हा अल्बम — 'जनरल शिफ्ट' — कुणाच्या आधाराशिवाय स्वतः काढला. सातवं गाणं काही केल्या उभं राहत नव्हतं. तेवढ्यात माझा निरोप आला आणि गाणं उभं राहिलं. आता लोक तेच एक ऐकतात.

"काढून टाक," मी म्हटलं.

"तुम्ही म्हणाल तर आत्ता काढतो." आणि खरंच फोन उचलला.

मी म्हटलं, थांब, विचार करून सांगते. का म्हटलं कोण जाणे. तो भांडला असता तर बरं झालं असतं.

रविवार

अपर्णाचा नागपूरहून फोन. तिच्या ऑफिसात सगळे माझं वाक्य म्हणतात. मीटिंग लांबली की कुणीतरी टेबलावर हात आपटतो — आवाज खाली, शब्द वर! "मी म्हटलं ही माझी आई आहे. कुणाला खरं वाटेना. नाव कुठाय गं तुझं त्यावर?"

चष्मा लावून फोनवर गाण्याखालची माहिती वाचली. ठेका कुणाचा, नाव आडनावासह. ध्वनिमिश्रण, नाव आडनावासह. मुखपृष्ठाचा फोटो, तेही. गाद्या: श्रीमती मंगला देशकर. गाद्यांनासुद्धा पूर्ण नाव! आणि शेवटी — आवाज: काकू.

मी कुणाची काकू?

सोमवार

चोरीपेक्षा हे जास्त झोंबलं. का, ते लिहूनच टाकते.

कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागले त्या दिवशी नियम सांगितला होता — ऑपरेटरने नाव सांगायचं नाही. कुणी विचारलं तर 'एक्स्चेंज' म्हणायचं, बस. दिल्लीची लाइन मी जोडायची, अपघात झाला की ॲम्ब्युलन्स मी बोलवायची, साहेबाला मुलगा झाला की बातमी पहिली मला कळायची. माझा आवाज सगळ्या कारखान्याला पाठ. एका मोठ्या साहेबांनी आपल्या निरोप समारंभात 'एक्स्चेंजवाल्या मॅडम'चे आभार मानले. टाळ्या. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्यावरून नजर पुढे गेली. चहाच्या वेळी मी "अभिनंदन सर" म्हटलं तेव्हा गर्रकन वळले. म्हणाले, "अच्छा, तो आप हैं!"

आमच्या ह्यांना, प्रभाकरना, हा किस्सा फार आवडायचा. मलाही. पण मी हसायचे ते त्यांच्याबरोबर म्हणून.

मंगळवार

मंगलाकडून हेडफोन आणून सबंध अल्बम ऐकला. तिसऱ्या गाण्यात दोन शिव्या, दोन्ही अनावश्यक. पाचवं वडिलांवर — शिफ्ट सुटल्यावर घासलेटने हात धुणारा माणूस, पोराला जवळ घ्यायच्या आधी हात हुंगून बघणारा. ते दोनदा ऐकलं. मुलाला लिहिता येतं.

बोलता येत नाही. ओळीचं शेवटचं अक्षर खातो. दर वेळी! आमच्या शाळेतल्या सिस्टर फिलोमिनाने त्याला शेवटच्या बाकाकडे तोंड करून उभा केला असता आणि तिथवर पोचेपर्यंत बसू दिला नसता.

राहवेना. वर गेले. पोटावर हात ठेवायला लावला, श्वास कुठे घ्यायचा ते दाखवलं. पोटावर गादी दाबून धरायला मंगला. तासाभरात चार ओळी धड ऐकू आल्या.

"काकू, इतक्या वर्षांत हे मला कुणीच सांगितलं नाही."

"सांगणार कसं? तू काय म्हणतोस ते कुणाला कळलं तर ना."

मंगला हसून हसून गादीसकट खाली बसली.

गाणं काढायचं की नाही हा विषय कुणीच काढला नाही. मीही नाही.

बुधवार

रविवारी कोटरा सुल्तानाबादच्या सभागृहात त्याचा कार्यक्रम. म्हणाला, काकू, रेकॉर्डिंगपेक्षा तुम्हीच बोला ना. मी जवळजवळ हो म्हणणार होते. एवढ्यात प्रेमाने पुढे म्हणाला, "पडद्यामागे माइक लावतो. कुणाला दिसणार नाही तुम्ही. संकोच नको."

चहा न घेता खाली आले.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

परागच्या दाराखालून सरकवलेल्या चिठ्ठीची नक्कल:

चि. पराग, गाणं ठेव. पण 'काकू' खोडून तिथे 'कांचन प्रभाकर वझलवार' असं पूर्ण लिहायचं, गाद्यांच्या वर. रविवारी मी पडद्यामागे नाही, पुढे उभी राहीन, तुझ्या शेजारी, दिव्यात. माझी निळी टेंपल काठाची साडी इस्त्रीला गेली आहे. सातव्या गाण्याचं दुसरं कडवं कच्चं आहे. त्याजागी मी आठ ओळी लिहिल्या आहेत, सोबत जोडल्या आहेत, आणि त्या मीच म्हणणार आहे. मान्य असल्यास शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत लेखी कळवावे. बोलून निरोप पाठवू नकोस. शेवटचं अक्षर अजून खातोस.