बारवेवरचं सोनेरी नाव

४ जाने., रविवार, नांदेड
आमच्या इतिहास मंडळाचं व्याख्यान, नदीच्या घाटांवर. आधी दीड तास सत्कार. मग बिचाऱ्या वक्त्याला विसाव्या मिनिटाला चिठ्ठी, आवरतं घ्या. खाली पंगत लागली होती. भाषणाचं एक वाक्य कोणाच्या डोक्यात शिरलं नसेल, पण वांग्याच्या भाजीची चर्चा जिन्यापर्यंत. माझ्याही खांद्यावर शाल पडली. घेतली की मी! वीट आला या सगळ्याचा, माझ्यासकट.

७ जाने.
अण्णासाहेब, आमचे अध्यक्ष, घरी आले. चहा, खारी. २५ला मी बोलायचं, बिलोलीकडच्या बारवेतल्या शिलालेखावर. हो म्हणून बसले.
शेवटच्या ओळीत बांधणाऱ्याचं नाव, पार झिजलेलं. मंडळाच्या पुस्तिकेत मी 'रंगोजी?' असं लिहिलं होतं, निव्वळ अंदाज. छापताना प्रश्नचिन्ह गेलं. रंगोजी अण्णासाहेबांचे पूर्वज, आणि पुस्तिका छापणारेही तेच. मी गप्प बसले.
झिजलेली अक्षरं उठावीत म्हणून ओल्या कागदाचा ठसा घ्यायचा म्हणते पाच वर्षं. मंडळाचं हळदीकुंकू, मंडळाची सहल, यातून सवड मिळेल तर ना.

१६ जाने.
कागद, ब्रश घेऊन बारवेवर गेले. बघते तर सगळा लेख सोनेरी ऑइलपेंटनं रंगवलेला! अध्यक्षांनी पेंटर धाडला म्हणे, फोटोत उठून दिसावं म्हणून. ग्रामपंचायतीचा शिपाई कौतुकानं सांगून राहिला, "तुमचीच पुस्तिका बघून काढलं, मॅडम."
'रंगोजी'. ठळक. प्रश्नचिन्हाशिवाय. खाचांत रंग घट्ट बसलेला, आता कसला ठसा. पायऱ्यांवर गुटख्याच्या पिचकाऱ्या, त्या मात्र कोणी पुसल्या नाहीत. कोरा कागद तसाच घेऊन परत आले.

१७ जाने.
अण्णासाहेबांना फोन. रागानं नीट बोलता येईना. ते एकदम शांत. म्हणाले, "बाई, लिहिलं तर तुम्हीच ना?"
आपलेच दात, आपलेच ओठ.

२० जाने.
निमंत्रणपत्रिका आली. 'बारवेचे निर्माते रंगोजी यांच्या वंशजांचा सत्कार.' माझ्या हस्ते. किळस आली, कार्ड उशीखाली सारलं. ह्यांनी काढून फ्रिजवर लावलं.

२२ जाने.
पुन्हा बारव. सोबत नरसप्पा, तिथलेच पाथरवट, ऐंशीच्या पुढचे. दर खेपेला म्हणायचे, आमच्या यलप्पा पणज्यानं ही बांधली, त्याचंच नाव हाय तिथं. दर खेपेला मी हसायचे. घडवणाऱ्याचं नाव कोण कोरतं, पैसा देणाऱ्याचं कोरतात, असं मीच त्यांना शिकवायचे. मी शिकवायचे!
आज डोळे मिटून त्यांनी शेवटच्या ओळीवरून बोटं फिरवली. लई वेळ.
"मला अक्षर येत न्हाई बाई. घाव कळतेत."
माझं बोट धरून रंगाच्या शेवटी नेलं. मग त्याच्याही पुढं, कोऱ्या दिसणाऱ्या दगडावर. बारीक खाचा. चार बोटं पुढंवर.
"तुमचं नाव संपलं. दगडावरलं न्हाई संपलं."
म्हणजे रंगोजी हे माझं वाचन टिकत नाही. यलप्पा आहे का? कोणास ठाऊक. रंग काढायला कोणी तेजाब ओतलं तर उरलंसुरलंही जाईल. येताना नरसप्पांनी पिशवीत हुरडा घातला. मान वर करवेना माझ्यानं.

२४ जाने.
भाषणं दोन लिहिली. एकात रंगोजी. दुसऱ्यात 'माझं चुकलं, हे नाव अजून वाचलेलं नाही.' ह्यांना दुसरं दाखवलं. म्हणाले, चार लोकांत स्वतःची शोभा कशाला, मंडळातून काढतील. काढू देत की. पण तीस वर्षं शिकवलं मी या गावात, भाजी घ्यायला गेले तरी माजी विद्यार्थी भेटतात. त्या सगळ्यांसमोर...

२५ जाने., सकाळ
नरसप्पांना मीच बोलावलं होतं. पहिल्या एसटीनं आले. धुतलेलं धोतर, नवा फेटा, सोबत नात. पोहे खाल्ले, ताट स्वतः मोरीत ठेवलं.
अण्णासाहेबांची गाडी खाली हॉर्न वाजवून राहिलीय. दोन्ही कागद पर्समध्ये आहेत.
निघताना नरसप्पांनी विचारलं, "आज नाव वाचणार न्हवं, बाई?"
"हाव," मी म्हणाले. कोणतं, ते त्यांनी विचारलं नाही.