घुग्घुसच्या चार खोल्या

यमीच्या बापाले,

भाकर टोपलीत झाकून ठेवली हाये.

काल घुग्घुसले जाऊन तुमच्या चारी खोल्या पाहून आली. माह्या पाटल्या मोडून तुमी त्या श्रावणात घेतल्या, तवा विहीर काठोकाठ होती. शेजारीण म्हणे, खाणीचे पंप पाणी ओढतात, होळीपासून विहिरीत थेंब राहात नाई. म्हणून कोणी भाडेकरू टिकत नाई. तुमी छपराचे कवेलू मोजले, भिंती ठोकून पाहाल्या. उन्हाळ्यात पाणी कुठून येते, हे कोण्याबी बाईनं पयले इचारलं असतं. पण घर पाहाले तुमी दोस्ताले नेलं, मले नाई.

भाडेकरू मिळत नाई म्हणून रोज माह्यावर चिडता ना? आता मिळाली एक. यमीले घेऊन मी तिथीच राहाले चालली. भाडं पाटल्यांतून कापून घ्या. आन याल तवा पाणी घेऊन या.

सुगंधा