सहीआधी वाचलेला ब्लॉग

३ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पाकीट मिळालं. या खेपेला कागदांवर मशीनचं तेल जरा कमी सांडलं होतं, त्याबद्दल आभार. लेख रविवारी टाइप करून ब्लॉगवर टाकला.

बातमी अशी, की एका मोठ्या साइटला तुझा ब्लॉग हवा आहे. शिलाई मशीन दुरुस्त करणारी बाई लिहिते, याचं त्यांना फार अप्रूप. लाखभर वाचक मिळतील, बदल्यात लेखांचे सगळे हक्क त्यांचे. खरं सांगू का, नऊ वर्षं ऑफिसातून आल्यावर तुझं गिचमिड अक्षर लावता लावता मीही थकलोय. सोबतच्या कागदावर तेवढी सही करून पाठव.

दुकानात फार वेळ वाकून बसू नकोस. माया आहे तशी राहू दे.
तुझा चिमण

१२ जून
चि. चिमण,
अ. उ. आ.

सही केलेली नाही. देऊन टाकायचं ते एकदा बघावं म्हणून समोरच्या शिंपीणबाईंचा फोन मागितला आणि दुकानातच बसून बारा लेख वाचले. माझ्याकडे साधा फोन, आजवर सगळं तुझ्या भरवशावर. मशीनं माझी, गिऱ्हाइकं माझी, वाक्यं तुझी.

बाबांवरच्या लेखात मी लिहिलं होतं, की शेवटची दोन वर्षं त्यांचा हात कापायचा, दुरुस्तीला आलेलं मशीन त्यांच्याकडून नीट जुळायचं नाही. ते जेवायला घरी गेले की मी ते उघडून पुन्हा लावायचे आणि त्यांना कळू द्यायचे नाही. हे लिहायला मला महिना लागला. ब्लॉगवर काय आहे, तर बाबांचा हात शेवटपर्यंत घड्याळासारखा चालला. शिंपीणबाईंना नेमकं तेच वाक्य आवडतं. त्या कौतुक करत होत्या आणि मला कुठे तोंड लपवावं कळेना.

मला फार राग आलाय. रागावायचंही त्राण नाही, ते वेगळं. माझे सगळे कागद परत पाठव.

आशीर्वाद आहेतच, ते काही काढून घेत नाही.
ताई

२० जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कागद नाहीत. टाइप झालं की मी ते रद्दीत देत होतो. लिहायला लाज वाटते, पण आता लपवून काय करू.

सुरुवातीला एखादा शब्दच बदलायचो. मग लोक वाहवा करायला लागले आणि ती मला गोड लागली. ऑफिसात माझं लिहिलेलं कोणी दोनदा वाचत नाही. बाबांचं मात्र मला सोसलंच नाही. मी तेव्हा इकडे लांब होतो. ते असे झाले होते, हे मला तुझ्या कागदावरूनच कळलं.

मोठ्या साइटला नकार कळवला. ब्लॉग तुझ्या नावाच्या स्वतंत्र जागेवर हलवलाय. पासवर्ड वेगळ्या चिठ्ठीत आहे. मिळाल्याबरोबर बदल, म्हणजे मलाही आत जाता येणार नाही. जुने लेख ठेव, नाहीतर पुसून टाक.

हवी तेवढी रागाव, पण पत्र बंद करू नकोस.
चिमण

९ जुलै
चि. चिमण,
अ. उ. आ.

पासवर्ड बदलला. शिंपीणबाईंच्या जुन्या लॅपटॉपवर एका बोटाने टाइप करते. पाठ पार मोडून जाते.

जुने लेख पुसले नाहीत. प्रत्येकाखाली माझ्या नावाशेजारी तुझं नाव घातलंय. एवढं लिहिलंस, तर त्याची जबाबदारीही पत्कर.

बाबांवरचा मात्र काढला आणि नव्याने लिहिला. पहिला कसा होता ते धड आठवेना, निम्माही उतरला नाही. लिहिता लिहिता मध्येच थांबले. त्यांचं काम त्यांच्या माघारी मी बदलत होते आणि बाबांच्या हातचं म्हणून गिऱ्हाइकाला देत होते. चांगलंच केलं, असं आजवर वाटायचं. त्यांना कळलं असतं तर कसं वाटलं असतं, ते या महिन्यात मला कळलं. तेही लिहून टाकलं. आठ जणांनी वाचलं.

यापुढे तुला लेखाचे कागद येणार नाहीत. वाचावंसं वाटलं तर तिथे जाऊन वाच, इतरांसारखा.

जीव लावतोस तो तसाच लाव, फक्त माझ्या वाक्यांना हात लावू नकोस.
ताई