ताटासमोरचा आरसा

३ जून

चि. भोपळीस,

अनेक आशीर्वाद. देवाच्या कृपेने इकडे सारे ठीक. रागावू नकोस, या नावाशिवाय माझे पत्र सुरूच होत नाही. जेवताना तुझ्या ताटासमोर मी आरसा धरायचो आणि सारे घर हसून लोळायचे, हे काल तुझ्या वहिनीला सांगत होतो.

बातमी अशी, आपली चिमणी सौंदर्यस्पर्धेत शेवटच्या फेरीत आली. तुझ्या हातचे गाऊन नवऱ्या मुली आणि स्पर्धेतल्या पोरी नंबर लावून घेतात, मग भाचीला परके कशाला? तिला तुझ्याकडे धाडतो. पोर हळवी आहे, सांभाळून घे.

तुझ्या खुशालीसाठी हात जोडणारा,
दादा

१९ जुलै

ति. दादास,

सा. न. वि. वि. चिमणी मजेत आहे. मोतिया साटीनचा गाऊन शिवून झाला. पाठीची चेन अर्ध्यावर अडकते, म्हणून रडली. तिला समजावले, नवरीचा गाऊन आहे त्या कमरेवर बेततात, स्पर्धेचा हवी त्या कमरेवर. नवरीच्या शिवणीत मी जादा कापड ठेवते, बिचारी लग्नात जेवेल म्हणून. हिचे कापून टाकले. आता गाऊन सैल व्हायचा नाही, पोरीनेच बारीक व्हायचे.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

२४ ऑगस्ट

चि. धाकटीस,

आशीर्वाद. हे दवाखान्यातून लिहितो. चेन वरपर्यंत लागली. स्टेजच्या पायऱ्या चढताना चिमणी कोसळली. डॉक्टर म्हणाले, उपाशी राहून काळीज दुबळे झालेय, पुढचे सांगता येत नाही. नर्स पेज घेऊन आली की ही तोंड फिरवते. म्हणते, आत्या ताटासमोर आरसा ठेवायची, तो नसला की घास उतरत नाही.

मी रोज तुझ्या नावानेही दिवा लावतो गं. लेकरू तुझेही होते. असे का केलेस?

दादा

२ सप्टेंबर

ति. दादास,

सा. न. वि. वि. पत्र पोचले. चिमणीला आराम पडो.

आरशाचे म्हणशील तर त्यात काय एवढे? आपल्या घरी त्याला गंमत म्हणतात. तूही हसून बघ.

गाऊन आता तिला ढगळ होत असेल. परत पाठव. कमी करायला कापड लागत नाही.

लोभ असावा, लहानपणी होता तेवढाच.

तुझी,
भोपळी