गच्चीवरच्या कुरडया

प्रिय स्नेहल,

फोनवर बोलले असते तर आपलं भांडणच झालं असतं, म्हणून लिहितेय. दिवाळीची सुट्टी तुझ्याकडे काढून संस्कृती परत आली, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. मावशीची भाकरी, मावशीची शेरडं, मावशीने वेणी घातली की दुखत नाही. इथे दोन घासांसाठी मला रडवणारी पोरगी तुझ्याकडे ताटभर जेवते म्हणे. वर आईचा फोन, "स्नेहलकडं पोर कशी टवटवीत हुती, तुज्याकडं आली की लई सुकती बघ." मी फोन ठेवूनच दिला. लहानपणापासून तुझंच कौतुक, आता माझी मुलगीही त्यात सामील.

खरं तर जळायचं तू. मला नगरला दिली तेव्हा पारनेरच्या सगळ्या मैत्रिणी जळल्या होत्या. खाली ह्यांचं बॅटऱ्यांचं दुकान, वर घर, समोर मोठा रस्ता आणि ऐसपैस गच्ची. तिथे दर उन्हाळ्यात मी कुरडया घालते, तुझ्यापेक्षा पांढऱ्या व्हाव्यात म्हणून हट्टाने. राखणीला संस्कृती. दुपारभर कावळे हाकायची आणि अर्ध्याओल्या कुरडया तोडून खायची. मला वाटायचं, निदान काहीतरी पोटात जातंय.

मध्यंतरी कॉलेजची मुलं प्रकल्पासाठी आमच्या गच्चीवरची धूळ ब्रशने गोळा करून तपासायला घेऊन गेली. तिच्यात शिसं निघालं, दुकानातल्या बॅटऱ्यांचं आणि रस्त्यावरचंही. मग डॉक्टरांनी संस्कृतीचं रक्त तपासलं. तिथेही शिसंच. तिची भूक मरते, पोट दुखतं, ती पाढे विसरते, ते त्यानेच असेल म्हणाले. वाढत्या मेंदूला ते फार वाईट. औषधाआधी तिला या धुळीतून बाहेर काढा, म्हणाले. धूळ तुझ्या अंगणातही आहे, पण ती पाय धुतले की जाते. तुझ्या धुळीचासुद्धा मला हेवा वाटतो, स्नेहल.

हे दुकानासाठी दुसरी जागा बघतायत, पण ते लगेच जमणारं नाही. पाथर्डीला सासरच्या घराला कुलूप आहे, सगळे ऊसतोडीला गेलेत. म्हणून रविवारी ये आणि तिला घेऊन जा. तिथल्याच शाळेत घाल. तुझ्या घरात लेकरू हवं म्हणून तू किती नवस केलेस, मला माहीत आहे, आणि तरी मला तुझा राग येतोय. पण तिला तुझ्याशिवाय कुणाच्या हाती देणार नाही. झोपेत ती आईला हाक मारते. तू ओ दे. फक्त मला सांगू नकोस.

तुझीच,
आरती